भुंगा बोलतोय तोवर

कुंदाताई हळदीच्या मांडवात शिरल्या की नवऱ्यामुलाकडे बघायच्या नाहीत, त्याच्या आईकडे बघायच्या नाहीत, चहा पुढे आला तर हातानेच थांबवायच्या. आधी मांडवाच्या मागे जाऊन मऊ जमीन शोधायच्या. पिशवीतून तांब्याची लांब सळई काढून हातोडीने ती जमिनीत ठोकायच्या, तिच्या डोक्याला हिरवी तार आवळायच्या, आणि जाड्या मिठाचं तांब्याभर पाणी तिच्या बुडाशी ओतायच्या. हे सगळं इतक्या गंभीर चेहऱ्याने चालायचं की बघणाऱ्यांना ती पूजाच वाटायची. एकदा चिरनेरच्या बाजूच्या एका गावात नवऱ्याच्या काकीने मागून येऊन सळईला हळदकुंकू वाहिलं आणि शेजारी दोन अगरबत्त्या खोचल्या. कुंदाताईंनी त्या काढल्या नाहीत. "राव्हदे," म्हणाल्या. "वाचवतंय त्यो देवच."

मी पनवेलच्या बाजारपेठेत चष्म्याचं दुकान चालवतो. लग्नसराईत शनिवार-रविवारी मात्र आजूबाजूच्या गावांत हळदीला कीबोर्ड वाजवायला जायचो. बायको याला 'हौसेला मोल नाही' असं म्हणते, पण तिच्या तोंडून ते कौतुक वाटत नाही. स्वभावाने मी भित्रा. दुकानातली ट्यूबलाइट लुकलुकली तरी वायरमनला फोन करतो. अशा माणसाच्या नशिबी इतकी वर्षं कुंदाताईंच्या शेजारची खुर्ची आली, हा योग मला अजून पुरता उलगडलेला नाही.

आमची वाजवणाऱ्यांची पार्टी संतोषची. संतोष म्हणजे कुंदाताईंच्या भावाचा मुलगा. दोन पोरांचा बाप, ऑक्टोपॅड वाजवणारा, मनाने मोठा आणि कायमचा घाईत. तो ताल धरायचा, मी सूर धरायचो, आणि आम्हा दोघांच्या मध्ये टेबलावर कुंदाताईंचा डबा असायचा. डबा म्हणजे आवाजाला वळण देणारं यंत्र. त्याला पट्ट्या नाहीत, तारा नाहीत, स्वतःचा असा आवाजच नाही. कुणाचा तरी आवाज त्यात शिरायचा आणि वेगळा होऊन बाहेर पडायचा: लांबलेला, घुमलेला, एकाचा चौघांचा झालेला, कधी विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बाकीच्या पार्ट्यांकडेही असे डबे असतात, पण ते एकदा जुळवून बाजूला ठेवतात. कुंदाताई तो वाजवायच्या. गाणारीच्या तोंडाकडे डोळे लावून, दोन्ही हात बटणांवर, आणि पाय अनवाणी. चप्पल घालून टेबलाशी उभं राहिलेलं मी त्यांना कधी पाहिलं नाही. "जमिनीत काय चाललंय ता पायाला आधी कलतंय," असं त्या सांगायच्या.

हा डबा संतोषच्या वडिलांनी आणलेला. ते जहाजावर नोकरीला होते, जपानहून येताना बहिणीसाठी ही भेट. बाकीच्या बहिणींना साड्या मिळाल्या. कुंदाताई आयटीआय झालेल्या, तळोज्याच्या एका कारखान्यात विजेच्या विभागात कामाला. त्यांना साडी आणली असती तर त्यांनी तीच भावाला नेसवली असती. डबा परदेशी, त्याला आपली वीज झेपत नाही, म्हणून मध्ये एक जडशीळ ट्रान्सफॉर्मर लावावा लागे. तोही डब्याइतकाच जुना होता.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. भटजी उशिरा आला तरी चालतो, धवलारीण नसली तर काहीच चालत नाही; लग्नाचा एकेक विधी तिच्या गाण्यातूनच पुढे सरकतो. आमच्या पार्टीबरोबर बहुतेक वेळा बायजाबाई असायच्या, कुंदाताईंची सख्खी मावशी. वय झालेलं, अंगाने काटकुळ्या, पण आवाज असा की मांडवाच्या कापडाला भोक पडेल. नवऱ्याला पाटावर बसवून हळदीच्या पाण्याने न्हाऊ घालतात तेव्हा त्या ओल्या जमिनीवर अनवाणी उभ्या राहून त्या धवला म्हणायच्या, आणि हातात आमचा वायरचा माइक.

बायजाबाईंची ओळ संपत आली की कुंदाताई तिचं शेपूट पकडायच्या. ते शेपूट डब्यात जायचं आणि परत यायचं. एकदा, दोनदा, मग इतक्यांदा की मांडवात वीस बाया एकदम गातायत असं वाटे. मग कुंदाताई एक बटण हळूहळू फिरवून तो सगळा घोळका खाली खाली न्यायच्या, पार जमिनीच्या पोटात. त्या क्षणी माझ्या अंगावर दरवेळी काटा आला. म्हाताऱ्या बाया हात जोडायच्या. गेलेल्या धवलारणी गायला आल्या असं त्यांच्यात बोललं जायचं. एकदा बायजाबाईंनीच विचारलं, पोरी, तुझ्या डब्यात माझा गळा राहतो का गं? कुंदाताई म्हणाल्या, "नाय मावशे. डबा काय ठेवत नाय. घेतंय ता परत देतंय." आणि मग त्या घोळक्यावर संतोषचा ताल पडला की तरणी पोरं धूळ उडवत नाचायची, आणि मघाची भीती कुणाला आठवायचीही नाही.

आता भुंग्याविषयी. आमच्या टेबलातून नेहमी एक बारीक गुणगुण यायची. सगळे थांबले, गाणारी श्वास घ्यायला थांबली, की ती ऐकू यायची: ममममम. पार्टीत तिला भुंगा म्हणत. त्याचं कारण कुंदाताईंनी मला समजावलं ते असं. वीज चुकून यंत्राच्या पत्र्यात उतरली तर तिला जमिनीत जायला रस्ता हवा. रस्ता नसला तर ती माइकमधून माणसात शिरते आणि माणसातून जमिनीत जाते. मांडवात किंवा घरात जो तिसऱ्या पिनचा रस्ता असतो, तो एक. कुंदाताई आपली सळई ठोकतात, तो दुसरा. दोन्ही रस्ते उघडे असले की त्यांच्यात थोडी ओढाताण होते आणि तीच भुंगा होऊन बोलते. दोघांतला एक बंद पडला की भुंगा गप्प. म्हणून कार्यक्रमाआधी कुंदाताई सगळ्यांना गप्प करायच्या, डोळे मिटायच्या, कान द्यायच्या. भुंगा बोलला की उलट्या हाताने माइकला स्पर्श करायच्या आणि मगच तो बायजाबाईंच्या हातात द्यायच्या. हे काम त्यांनी कधी दुसऱ्यावर सोपवलं नाही.

"भुंगा बोलतंय तवर आपन हाय," हे त्यांचं वाक्य मी शंभरदा तरी ऐकलं असेल. आम्ही त्याची थट्टाही करायचो. जेवताना कुणी गप्प बसला की संतोष म्हणायचा, बघा, याचं आर्थिंग गेलं.

त्या फार शहाण्या होत्या असं चित्र मला रंगवायचं नाही. हट्टी होत्या, तोंडाने फाटक्या होत्या, आणि आपल्याइतकं कुणाला कळत नाही अशी त्यांची पक्की समजूत होती. पनवेलच्या एका साउंडवाल्याने त्यांना चांगला उपाय सांगितला होता. एक छोटी डबी मिळते, ती मध्ये जोडली की दोन्ही रस्ते शाबूत राहतात आणि भुंगाही थांबतो. कुंदाताईंनी ती आणली, लावली, भुंगा खरोखरच थांबला, आणि त्यांनी ती डबी काढून पिशवीच्या तळाशी टाकली. भुंगा थांबला तर रस्ता बंद झालेला मला कळणार कसा, असा त्यांचा सवाल. साउंडवाल्याने सांगितलं की ताई, त्यासाठी मोजायची यंत्रं असतात, कानावर कोण विसंबतं? त्यावर कुंदाताईंनी त्याची मापं काढली. यंत्र खोटं बोलतं, कान बोलत नाही, असं त्यांचं मत होतं. ते मत चुकीचं होतं. पण तेव्हा मलाही ते भारी वाटलं होतं, कारण त्या कुठलीही गोष्ट बोलल्या की भारीच वाटायची.

एवढी भीती त्यांच्यात आली कुठून हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. उरणच्या रस्त्यावर न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत आमचा टेम्पो अडकला होता आणि वेळ जाता जात नव्हता. कारखान्यात त्यांच्याबरोबर एक फिटर होता. टाकीत उतरून हातदिवा धरून काम करत होता. कुणीतरी पंपाची गुणगुण नको म्हणून तारांची काहीतरी उलटापालट केली होती. कुंदाताई टाकीच्या तोंडाशी उभ्या होत्या. आत आवाज नाही, बाहेर आवाज नाही. त्यांना वाटलं, गडी शांतपणे काम करतोय. "वरडला असता तर मी तोडली असती लाइन. पन सगला गपगार होता. गपगार जागंन मानूस मरतं चष्मेवाले, आवाजान नाय." एवढं बोलून त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. ज्याचं तोंड दुधाने पोळलं तो ताक फुंकून पिणारच.

गेल्या दोन-तीन वर्षांत लोकांना भुंगा खपेनासा झाला. पूर्वी हळद मांडवातच राहायची. आता ती फोनवर थेट दाखवतात, आणि फोनमध्ये भुंगा भलताच मोठा येतो. तक्रारी आल्या, तेव्हा कुंदाताईंनी तडजोड केली. भुंगा त्यांनी स्पीकरमधून जवळपास काढून टाकला आणि फक्त आपल्या हेडफोनमध्ये ठेवला. त्यानंतर भुंगा बोलतो की नाही हे एकट्या त्यांनाच कळायचं. त्या डोळे मिटून ऐकायच्या, मान हलवायच्या, आम्ही सुरू करायचो.

त्याच सुमारास बायजाबाई म्हणायला लागल्या की माइक धरला की हाताला झिणझिण्या येतात. कुंदाताईंनी ते वयावर घातलं. मावशीला जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणून दिल्या. भुंगा बोलतोय ना, मग विजेचा प्रश्नच नाही. शिवाय ट्रान्सफॉर्मर म्हातारा झाला होता, मध्येच फ्यूज उडायचा आणि संतोषची चिडचिड व्हायची. कुंदाताई म्हणायच्या की फ्यूज उडतो म्हणजे रस्ता चालू आहे, उडू दे. त्या हे सगळं मोठ्या आवाजात बोलायच्या. पूर्वीपेक्षा मोठ्या. मी दुकानात रोज अशी माणसं बघतो ज्यांना अक्षरं दिसत नाहीत आणि जी म्हणतात की हल्लीची छपाईच वाईट आहे. कानांचं असं काही असेल हे मात्र मनात आलं नव्हतं.

मग तो बंगला आला. एका बिल्डरच्या मुलाची हळद, दुपार कलल्यावरची. अंगणात संगमरवर, मांडवात झुंबरं, व्हिडिओवाले तिघे-चौघे, त्यातला एक लांब दांड्यावर कॅमेरा फिरवणारा. बंगल्याच्या भिंतीत चांगला तीन पिनचा सॉकेट होता. कुंदाताईंनी तिथून टेबलाचा बोर्ड घेतला, मागे बागेत सळई ठोकली, मिठाचं पाणी घातलं. माळ्याने गवत जळेल म्हणून कुरकुर केली ती त्यांनी ऐकूनच घेतली नाही.

पुढे जे झालं त्यात वाईट हेतू कुणाचाच नव्हता. संतोषला वाटलं, आज थेट सगळ्या जगाला दिसणार, आत्याचा डबा एकदा तरी काचेसारखा स्वच्छ वाजू दे. बंगल्याचं आर्थिंग नवं आहे, मग सळई कशाला? त्याने गुपचूप बागेत जाऊन हिरवी तार सळईवरून सोडवली. त्याच सुमारास मांडववाल्याच्या वायरमनला दांडेवाल्या कॅमेऱ्यासाठी वाट मोकळी करायची होती. त्याने आमचा बोर्ड भिंतीतून काढून मांडवाच्या लाइनला जोडला. ती वायर दोन तारांची होती. तिच्यात तिसरा रस्ताच नव्हता. त्याने विचार केला, या बाईंची ती सळई आहेच की. दोन घरचा पाहुणा उपाशी, तसं झालं.

टेबल बंद होऊन पुन्हा चालू झालं म्हणून कुंदाताईंनी हेडफोन चढवून नव्याने कान दिला. डोळे मिटले. मान हलवली. संतोष हसत म्हणाला की आत्या, बघ, आज फ्यूजसुद्धा उडाला नाही. त्याही हसल्या. मग रक्तदाबाची गोळी राहिली होती ती आठवली, तेव्हा पाणी आणायला जाताना त्यांनी हेडफोन माझ्या हातात दिला, जमिनीवर ठेवू नका म्हणाल्या.

मी तो सहज कानाला लावला. आत काहीच नव्हतं. इतकं काहीच नव्हतं की मला माझाच आवंढा ऐकू आला. वायर सुटली असेल म्हणून मी ती काढून पुन्हा घातली. डब्यावरचे दिवे चालू होते. तेवढ्यात कुंदाताई आल्या. मी म्हणालो, ताई, भुंगा नाही.

त्यांनी हेडफोन घेऊन कानाला लावला. "बोलतंय की."

मी म्हणालो, नाही. मी दोनदा ऐकलं.

"चष्मेवाले, तुमी डोल्यांचा बगा," त्या वैतागून म्हणाल्या. "ह्यो काय, चांगला बोलतंय." आणि हेडफोन उतरवला. उतरवल्यावर त्यांचा चेहरा किंचित बदलला. त्यांनी हेडफोनची वायर डब्यातून उपटली आणि तो पुन्हा कानाला लावला. मग तो टेबलावर ठेवला. मग दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबून धरले, डोळे मिटले, आणि तशाच उभ्या राहिल्या. मांडवात सनई लावली होती, पोरं शिट्ट्या मारत होती. त्या सगळ्याच्या मधोमध ही बाई कान बंद करून ऐकत होती. तळहात खाली आले तेव्हा त्यांच्या ओठांवरचा रंग गेला होता.

भुंगा त्यांच्या कानात होता. बाहेर तो कधीच गप्प झाला होता.

पाटाजवळ नवऱ्याच्या अंगावर कळशी रिकामी झाली होती आणि संगमरवरावरून हळदीचं पाणी वाहत होतं. बायजाबाई त्या पाण्यात अनवाणी उभ्या होत्या. कॅमेरा सुरू झाला म्हणून संतोष, कधी नाही ते, स्वतःच माइक घेऊन त्यांच्याकडे निघाला होता. त्याच्या पायात जाड रबरी तळव्यांचे बूट होते, म्हणून त्याला काहीच जाणवत नव्हतं. कुंदाताईंनी हाक मारली. सनईत ती बुडाली. संतोषने हात पुढे केला, बायजाबाईंनी पदर सावरून हात वर उचलला. कुंदाताईंनी टेबलाखाली वाकून दोन्ही हातांनी वायर धरली आणि अंगाच्या सगळ्या जोराने मागे ओढली. बोर्ड फुटला. टेबल, स्पीकर, सनई, सगळं एकदम मेलं.

बायजाबाईंचं बोट तेव्हा माइकला लागलं होतं की नव्हतं, हे त्यांना स्वतःलाही आठवत नाही.

बिल्डर धावत आला. थेट प्रक्षेपण बंद पडलं होतं, पाहुणे एकमेकांकडे बघत होते, आणि तो जे बोलला ते इथे लिहिण्यासारखं नाही. कुंदाताई त्याच्याकडे न बघता कामाला लागल्या. त्यांनी माइक लाकडी पाटावर ठेवायला लावला, सगळ्यांना लांब उभं केलं, माझ्याकडून दुसरा बोर्ड घेऊन वीज पुन्हा जोडली. पिशवीतून होल्डरला दोन तारा लावलेला एक साधा बल्ब काढला. एक तार लांबवून बागेतल्या सळईला लावली, दुसरी माइकच्या जाळीला टेकवली. बल्ब लखकन पेटला, घरात पेटतो तसा. म्हाताऱ्या ट्रान्सफॉर्मरमधली वीज पत्र्यातून माइकपर्यंत उतरली होती. नवऱ्याची आई ओल्या जमिनीवरून दोन पावलं मागे सरकली.

ती हळद माइकशिवाय झाली. बायजाबाई उघड्या गळ्याने गायल्या आणि ऐकू यावं म्हणून बाया त्यांच्याभोवती दाटीने उभ्या राहिल्या. कुंदाताई बागेत सळईपाशी बसल्या होत्या. संतोष त्यांच्यासमोर उकिडवा बसून रडत होता. त्यांनी त्याच्या हातूनच तार पुन्हा आवळून घेतली. मला वाटलं, आता त्या त्याला फाडून खातील. त्या म्हणाल्या, "तुजी चूक नाय रं पोरा. तार सुटली ती कानाला कलली असती. आयकनाराच मेलेला व्हता."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेलो. डॉक्टर म्हणाले, इतकी वर्षं मोठ्या आवाजाशेजारी उभं राहून असं होतं. कानातली गुणगुण राहणार, कदाचित कमी होईल, कदाचित नाही. कुंदाताईंनी एकच गोष्ट विचारली, कधीपासून असेल? डॉक्टर म्हणाले, ते कसं सांगणार, ही हळूहळू येते, माणसाला पत्ता लागत नाही. परत येताना रिक्षात त्या बोटांवर काहीतरी मोजत होत्या. मला वाटलं जप करतात. मग कळलं, त्या एकेक मांडव आठवत होत्या.

पुढचे कित्येक दिवस त्यांनी जिच्या-जिच्या हातात माइक दिला होता त्या प्रत्येकीला शोधून फोन केला. हाताला काही झालं होतं का, एवढंच विचारायच्या. बहुतेक बाया हसल्या. एक-दोघींनी सांगितलं की हो ताई, झिणझिणलं होतं, पण तुम्ही दिला माइक म्हणजे काय भ्यायचं. हे वाक्य त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी त्यांच्याकडे बघू शकलो नाही. पुन्हा त्या डब्याशी उभ्या राहिल्या नाहीत. ती छोटी डबी त्यांनी संतोषला दिली, मोजायचं यंत्रही घ्यायला लावलं, आणि प्रत्येक कार्यक्रमाआधी त्यावरचा आकडा त्याच्याकडून फोनवर वदवून घ्यायच्या.

तळोज्याकडे त्यांच्या गावी, भावाच्या घराच्या ओट्याशी, त्यांनी एक सळई कायमची ठोकून घेतली होती. घराचं आर्थिंग. रोज सकाळी तिच्यावर मिठाचं पाणी. त्या पाण्याने शेजारची तुळस मेली आणि वहिनीशी आठवडाभर अबोला झाला. डॉक्टरांनी रक्तदाबासाठी जेवणातलं मीठ तोडलं होतं, त्यावरही त्यांचं उत्तर तयार होतं. "मना मीठ बंद हाय. जमिनीला नाय."

दुकान बंद असेल त्या दिवशी मी जायचो. त्या मला ओट्यावर बसवायच्या आणि म्हणायच्या, काय-काय ऐकू येतं सांगा. मी सांगायचो: फ्रिज, पंखा, रस्त्यावरचे ट्रेलर, कुणाकडे तरी मिक्सर. त्या मान हलवायच्या. आणि भुंगा, असं शेवटी स्वतःच जोडायच्या. तो मला ऐकू येत नसे. त्या त्याच्याबद्दल घरातल्या माणसासारखं बोलायच्या: आज लवकर उठला, पावसाळी हवेत जास्त बोलतो. या बोलण्याची मजा वाटायला हवी होती, पण मला त्या ओट्यावर बसताना सारखं वाटायचं की काहीतरी व्हायचं राहून गेलंय आणि ते वाट बघत थांबलंय.

एका सकाळी मी दुकानाचं शटर वर करत होतो तेव्हा त्यांचा फोन आला. आवाज बारीक होता. पूर्वीच्या, कान शाबूत असतानाच्या त्यांच्या आवाजाइतका.

"चष्मेवाले, आज भुंगा गप हाय."

मला आनंद झाला. मी म्हणालो, वा, डॉक्टर म्हणालेच होते की कमी होऊ शकतो, पेढे आणतो.

"तुमी येताव का?" त्या म्हणाल्या. "सलई बगाची हाय. मी बगितली, पन मना भरोसा नाय."

मी शटर अर्ध्यावरून खाली ओढलं आणि स्कूटर काढली. कळंबोलीला ट्रेलरची रांग, मी फुटपाथवरून गेलो, आयुष्यात पहिल्यांदा. पोचलो तेव्हा त्या ओट्यावर खुर्चीत बसल्या होत्या, पाय अनवाणी, जमिनीला टेकलेले. शेजारी रिकामा तांब्या. मान थोडी कलली होती, कोणी गाणारीकडे कान द्यावा तशी. आत वहिनी भाकऱ्या थापत होत्या आणि त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. ओरडणं नाही, हाक नाही. हृदय थांबलं, असं नंतर डॉक्टरांनी सांगितलं.

मी त्यांच्या मनगटाला हात लावला. मग, वहिनींना हाक मारण्याआधी, मला जे सांगितलं होतं ते केलं. खाली बसून सळई हलवून पाहिली. घट्ट होती. हिरवी तार ओढून पाहिली. तीही घट्ट होती. बुडाशी मिठाचे खडे अजून विरघळले नव्हते आणि माती ओली होती.

"सळई नीट आहे, कुंदाताई," मी म्हणालो.